कागद तुमच्याच टेबलावर, चोर मात्र मी?

वन खात्याच्या साहेबांनो, सागवानाची चोरी थांबलीच पायजे, त्यात दुमत नाही. गडचिरोलीकडच्या आलापल्लीच्या जंगलातला साग रात्री तोडून नेणाऱ्यांना खुशाल आत टाका. पण भाऊ, शेतकऱ्याच्या धुऱ्यावरचा साग रीतसर विकत घेऊन दारं-पलंग बनवणाऱ्या माझ्यासारख्यानं काहून मरायचं?

१९२७ चा वन कायदा म्हणते, लाकूड जंगलातलं असो की शेतातलं, ते वनउपजच. अन् कलम ६९ म्हणते, माल सरकारचा की नाही असा वाद निघाला तर उलट सिद्ध होईस्तोवर तो सरकारचाच समजायचा. ठीक, करतो सिद्ध! पण त्याचा कागद देणार कोण? तुम्हीच ना? मग देत काहून नाही?

उन्हाळ्यात सातबारा, नकाशा, सगळं लावून अर्ज गेला. साहेब कधी मीटिंगमध्ये, कधी वणव्याच्या ड्यूटीवर. काम वेळेत करून द्या म्हणणारा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा दाखवला तर 'त्रुटी आहे' असा शेरा मारून अर्ज वापस. तोडीची परवानगी आली तेव्हा धुऱ्यावर चिखल, ट्रॅक्टर रुतते. तोडलेले नग उघड्यावर पडून, खात्याच्या हातोड्यानं लाकडावर छाप मारायला कोणी येईना. तोंडाकडून भेगा गेल्या. शेवटी हातोडा पडला तो नेमका भेगेवर, छाप अर्धीच उमटली. वाहतूक पास मिळाला तो मोजक्या मुदतीचा, त्यात झड लागली. नाक्यावर गार्डनं टेप लावला: पासात गोलाई ९२, टेपवर ९४. झालं, गाडी बाजूला! कलम ५२ खाली गाडीही जप्त होते, म्हणून गाडीवाला माझ्याच अंगावर धावते. अरे, ते ९२ तुमच्याच माणसानं लिहिलं ना?

आरामशीनवाल्याचे वेगळेच हाल. परवाना, आवक-जावक वही, कोणता नग कोणत्या पासचा, चिराईत घट किती धरली, सगळ्याचा हिशेब. त्यानं तो ठेवलाच पायजे, मी मानतो. पण बाजूच्या गावात बिनपासचा माल रात्री उतरते, सकाळपर्यंत चिरून रंधा मारला की छाप पाहायला नगच उरत नाही. तिथं नाही लागत कोणाचा टेप! त्याचं दार स्वस्त पडते, अन् गिऱ्हाईक मला विचारते, "तुमचंच काहून महाग?"

पासाला मुदत घालता तशी तुमच्या सहीलाही घाला. अन् मोजमाप चुकलं तर ज्यानं लिहिलं त्याला उभं करा. तुळशीच्या लग्नानंतर एका पोरीचं लग्न आहे, तिच्या पलंगाचं लाकूड नाक्यावर भिजत आहे. तिचा बाप अॅडव्हान्स वापस मागते. तो पैसा तर कवाच लाकडात गेला, देऊ कुठून?