‘लाख झाले, आता खोलू नका’ : जुन्या गाडीच्या मेसेजला उत्तर

सेकंडहँड गाडी घेतली की कुणी ना कुणी हा मेसेज पाठवतोच. म्हणणं थोडक्यात असं: लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली गाडी चालते तोवर तिला हात लावू नका. पातळ ऑइलने जुनं इंजिन आवाज करतं, घट्ट ऑइल टाका. कूलंट म्हणजे रंगीत पाणी, बोअरचं चालतं. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून फेका. एअर फिल्टर हवा मारून वर्षानुवर्षं जातो. ब्रेक ऑइल कमी झालं की भरा. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हची चाल जुळवणारा पट्टा) तुटला तर बघू.

यात एक-दोन ठिकाणी तथ्याचा अंश आहे, तो पुढे येईलच. आधी पाण्याचं घेऊ, कारण मे महिन्यातल्या परभणी-नांदेडच्या उन्हात चूक सगळ्यात आधी तिथे उघडी पडते.

‘बोअरचं पाणी चालतं’

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. गिझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि सिलेंडर हेडच्या पोकळीत बसतो. मग रेडिएटर बाहेरून कितीही धुवा, गाडी चढावर गरम होणारच. आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड एकदा नीट तापलं की वाकतं, हेडखालचं गॅस्केट जातं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, कूलंटच्या बाटलीत बुडबुडे, गळती न दिसता पाणी कमी होणं ही त्याची लक्षणं.

कूलंट फक्त पाणी गोठू नये म्हणून असतं, ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो’ हा युक्तिवादही चुकीचा. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण साधारण १०७ अंशांना उकळतं, १.१ बार दाब धरणाऱ्या रेडिएटरच्या झाकणाखाली तर १२५ च्याही पुढे. शिवाय त्यातली गंजरोधक द्रव्यं वॉटर पंप आणि हेड वाचवतात. तीच काही वर्षांत संपतात, म्हणून रंग चांगला दिसला तरी कूलंट बदलावं लागतं.

बदलताना इंजिन पूर्ण थंड हवं. खालचा होज काढून सगळं सोडा, हीटरचा नॉब गरमवर ठेवा, बॅटरीत घालतो त्या डिमिनरलाइज्ड पाण्याने दोन-तीनदा धुवा. कितीही सोडलं तरी ब्लॉकमध्ये थोडं पाणी उरतंच. म्हणून गाडीच्या पुस्तकात एकूण क्षमता पाहा, तिच्या निम्मं घट्ट (पाणी न मिसळलेलं) कूलंट आधी ओता, मग वरून पाणी भरा. लहान गाडीत एकूण चार-पाच लिटर बसतं, म्हणजे कूलंट दोन-अडीच लिटर. तयार मिश्रणाचा डबा असेल तर त्यात पाणी घालायचं नाही, आणि जुनं पाणी जास्तीत जास्त काढूनच ते भरायचं. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा, गार झाल्यावर बाटली दोन खुणांच्या मध्ये आणा. रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकणही बदला. त्याने दाब धरला नाही तर वरचं सगळं गणित फुकट. फुगलेले, दाबल्यावर कुरकुरणारे होज आणि सैल क्लिपा याच वेळी काढून टाका.

‘थर्मोस्टॅट काढून फेका’

हा सल्ला देणाऱ्याने थर्मोस्टॅट हातात घेऊन पाहावा. अनेक इंजिनांत त्याला खालच्या बाजूला दुसरी चकती असते. झडप उघडली की ती बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारा, रस्ता बंद करते आणि सगळं पाणी रेडिएटरकडे पाठवते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायम उघडा. गरम पाण्याचा काही भाग रेडिएटर न पाहताच इंजिनात परत. म्हणजे थंड व्हावी म्हणून केलेल्या उपायाने भर उन्हात गाडी जास्त तापते. इतर वेळी उलट: इंजिन गरमच होत नाही, इंधन जास्त जातं, ऑइलमधला ओलावा उडत नाही. शंका असेल तर थर्मोस्टॅट दोरीने पातेल्यातल्या पाण्यात टांगून तापवा. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा छापलेला असतो, त्याच्या आसपास झडप उघडायला हवी.

‘घट्ट ऑइल टाका’

घट्ट ऑइलने आवाज दबतो, झीज थांबत नाही. पातळ ५डब्ल्यू-३० साठी बनलेल्या इंजिनात घट्ट २०डब्ल्यू-५० टाकलं की सकाळी स्टार्ट करताना ते वरपर्यंत उशिरा पोचतं, ऑइलच्या दाबावर चालणारा टायमिंग चेनचा टेन्शनर उशिरा ताणतो. पुस्तकातल्या तक्त्यात परवानगी असेल तर ५डब्ल्यू-४० वर जायला हरकत नाही, तिथे थांबावं. निळा धूर दिसत असेल तर कारण शोधा: सकाळी स्टार्टला भपका म्हणजे बहुधा व्हॉल्व्ह सील, चढावर सतत धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा.

‘नवं ऑइल टाकलं आणि इंजिन बसलं’ असंही सांगतात, त्यात तथ्याचा अंश आहे. आत डांबरासारखा गाळ साचलेला असेल तर तो सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. पण त्यावर ऑइल तसंच ठेवणं हा उपाय नव्हे. भरायचं झाकण काढून टॉर्चने आत पाहा. गाळ दिसला तर फ्लशिंगचं औषध टाळा. फिल्टरसह ऑइल पहिल्यांदा दीड-दोन हजार किलोमीटरवर, मग तीन हजारांवर, आणि पुढे धुळीच्या रस्त्यांवर ५,००० वर बदला.

‘फिल्टरला हवा मारा’

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या जोराने कागदाचे धागे फाटतात आणि बारीक धूळ थेट रिंगांपर्यंत जाते. शेतरस्त्यांवर, मळणीच्या दिवसांत फिल्टर दर ५,००० ला उघडून पाहा, काळा पडला तर बदला. फिल्टरच्या डब्याच्या आतल्या, इंजिनकडच्या बाजूला बोट फिरवा. माती लागली तर फिल्टर नीट बसलेला नाही किंवा क्लिप तुटली आहे.

‘ब्रेक ऑइल कमी झालं की भरा’

ब्रेक पॅड झिजले की पातळी आपोआप खाली येते. वरून भरणं म्हणजे झिजलेले पॅड झाकणं. हे ऑइल हवेतला ओलावाही ओढतं. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश, ओलावा शिरल्यावरची किमान मर्यादा १५५. कन्नडचा घाट भरल्या गाडीने उतरताना पेडल मऊ पडतं ते यामुळे. दर दोन वर्षांनी जुनं काढून नव्या सीलबंद डब्यातलं भरा, एक लिटर पुरतं. जुनं ऑइल सोडायचे चाकांजवळचे निपल गंजलेले असतील तर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, नाहीतर ते मोडतात.

‘बेल्ट तुटला तर बघू’

बघायला फारसं काही उरत नाही. जुनी अडीच लिटरची डिझेल इनोव्हा, डिझेल डस्टर यांना टायमिंग बेल्ट आहे. डिझेलमध्ये तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात, हेड उघडावंच लागतं. डिझेल स्विफ्टला चेन आहे, पण थंड स्टार्टला काही सेकंद खडखड येत असेल तर चेन आणि टेन्शनर तपासून घ्या. बेल्टसोबत टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला आधार देणारी पुली) बदला, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. क्रँकच्या सीलमधून ऑइल गळत असेल तर ते आधी. ऑइल लागलेला नवा बेल्टही लवकर सुटतो.

‘मीटरवर सत्तरच हजार आहेत’ म्हणून निर्धास्त राहू नका. रबर वयानेही कडक होतं, आणि मीटर मागे घेता येतं. ब्रेक पेडलचं रबर घासून गुळगुळीत आणि आकडा साठ-सत्तर हजार, हे जुळत नाही. चासिस नंबरवरून कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जुन्या सर्व्हिसच्या नोंदी मागा. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरून चाला.