‘त्याला विचारू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला

गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाला मावशीचा फोन. “अगं, मी वाचलो सगळं. मोठ्या डॉक्टरांनी लिहिलंय म्हणं. ह्या गोळ्या बंद करूया काय?” गोळ्या माझ्या मावसभावाच्या, तिसरा आठवडा चालू. मेसेज तुमच्याकडेही आला असेल. कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतल्या तीन ग्रुपवर तो एकाच दिवशी फिरला. वर ‘नैराश्य हा आजार नाही, धंदा आहे’, खाली सहा मुद्दे, शेवटी जोडलेले हात. डॉक्टरचं नाव नाही, गाव नाही.

सहाही मुद्द्यांना सारखा वेळ द्यायची माझी तयारी नाही.

‘आपल्या आजी-आजोबांना कुठं होतं डिप्रेशन?’ होतं की. ‘मनाला लावून घेतलं’, ‘बाहेरचं लागलंय’, ‘बोलायचंच सोडलंय’ हे मग कुणाबद्दल म्हणायचे? बाहेरचं काढायला बांधून मारायचे, मिरच्यांची धुरी द्यायचे. ते थांबवायला 2013 साली महाराष्ट्राला कायदा करावा लागला. त्याच्या अनुसूचीत पहिला प्रकार हाच आहे.

‘धंदा आहे.’ खासगीतली फी सगळ्यांना झेपत नाही, हे मान्य. पण देशात लाख माणसांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरता येत नाही. निम्हान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेनं 2015-16 मध्ये 12 राज्यांत पाहणी केली (आपलं राज्य त्यात नव्हतं). वेगवेगळ्या मानसिक आजारांतल्या 70 ते 92 टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. गिऱ्हाईक दारापर्यंत पोचतच नाही, असला कसला धंदा?

‘तालमीत जा, घाम गाळा.’ व्यायामानं सौम्य नैराश्यात फरक पडतो, नाही म्हणत नाही. पण माझा भाऊ रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारणारा. त्याला दात घासायला दुपार व्हायला लागली तेव्हा आम्हाला शंका आली. आजारानं त्याचा व्यायाम सोडवला. मेसेजवाल्यानं ते उलटं वाचलंय.

‘गोळ्यांची सवय लागते.’ यात अर्धं खरं आहे. अल्प्राझोलामसारख्या, घबराट कमी करणाऱ्या गोळ्यांची लागते, आणि चिठ्ठीशिवाय त्या घेणारे आपल्याच गल्लीत सापडतील. नैराश्यावरच्या गोळ्या वेगळ्या. त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. एकदम सोडल्या तर चक्कर, मळमळ, बेचैनी होऊ शकते, म्हणून डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात. मेसेजनं दोन्ही एकाच पिशवीत घातल्या आणि मावशी नेमकी तिसऱ्या आठवड्यात बंद करायला निघाली.

आता पाचवा मुद्दा. यासाठीच खरं तर लिहायला बसले. ‘जो मरायची भाषा करतो तो मरत नाही. अशा माणसाला त्याबद्दल विचारू नका, विचारलं की ते डोक्यात शिरतं.’

गोळ्या सुरू व्हायच्या दोन महिने आधी जेवताना भाऊ म्हणाला होता, “मी नसलो तर तुमचं काय अडणाराय?” कुणी काही बोललं नाही. मावशीनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला. विषय नको म्हणून सगळे जपून वागत राहिले. मेसेज सांगतो तेच आमचं घर मेसेज यायच्या आधीपासून करत होतं, म्हणून तर तो मावशीला इतका पटला.

शेवटी मी विचारलं. गाडीवरून परत येताना, तोंडाकडे बघायला लागू नये म्हणून. “तू तसं म्हणालास, म्हणजे जीव द्यावा असं वाटतं का तुला?” माझी जीभ जड झाली होती. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “दोन महिन्यांत तू पहिली विचारलीस.” पुढचा तासभर तो बोलला आणि मी उपदेश करायचा मोह आवरला. एवढंच जमलं. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून डॉक्टरकडे यायला तयार झाला.

माझ्या भावाचं सोडा. ‘सायकॉलॉजिकल मेडिसिन’ या नियतकालिकात 2014 साली एक आढावा आला. 2001 ते 2013 मधले 13 अभ्यास त्यात तपासले. आत्महत्येबद्दल विचारल्यामुळे ते विचार लक्षणीय वाढले, असं एकाही अभ्यासात आढळलं नाही. आणि ‘बोलतो तो करत नाही’? जागतिक आरोग्य संघटना ज्या गैरसमजांची यादी देते, त्यात हे वाक्य आहे. 2022 मध्ये देशात सर्वाधिक आत्महत्या महाराष्ट्रात नोंदल्या गेल्या, 22,746. त्या घरांमध्येही कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला असेल.

सहावा मुद्दा, ‘सीपीआरला गेलं की वेड्यांच्या यादीत नाव’. सीपीआर म्हणजे इथलं सरकारी रुग्णालय. अशी यादी तिथं नसते. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंधनकारक आहे. ‘रत्नागिरीला नेऊन सोडा’ (म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात) ही थट्टा मात्र आपणच चालू ठेवलीय.

त्या रात्री मावशीला गोळ्या बंद करू नको एवढं सांगून भागलं नाही. तिलाच कुणाशी तरी बोलायचं होतं. तिला 14416 लावून दिला, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट, मराठीत. अर्धा तास बोलत होती. तो मेसेज तिनं अजून काढलेला नाही. “राहू दे,” म्हणते, “पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवतो.”