हेलिकॉप्टर तासभर हवेत थांबलं तरी खाली मुंबईच का असते?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज दर काही महिन्यांनी नव्याने फिरायला लागतो. त्यातला युक्तिवाद असा: पृथ्वी खरंच ताशी सोळाशे किलोमीटरने फिरत असेल, तर मुंबईहून हेलिकॉप्टर सरळ वर न्यावं, तासभर एका जागी थांबवावं आणि खाली उतरवावं. खाली मुंबई नसायला हवी, पण असते. शिवाय पूर्वेकडे निघालेल्या विमानाला पुढे पळणारी जमीन कधी गाठता येऊ नये, आणि इतक्या वेगाने फिरताना आपण भिरकावले जायला हवं. यातलं काहीच होत नाही, सबब पृथ्वी स्थिर आहे. हा मेसेज शिकलेली माणसंही पुढे पाठवतात, आणि त्याला दिलं जाणारं नेहमीचं उत्तरही अर्धवट असतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मेसेजमधला आकडा बरोबर आहे. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते, म्हणजे तासाला १५ अंश. युक्तिवाद खरा असता तर तासाभराने हेलिकॉप्टरखाली ओमानचा किनारा आला असता. चूक आहे ती ‘एका जागी’ या दोन शब्दांत. एका जागी म्हणजे कशाच्या तुलनेत?

हेलिपॅडवर उभं असलेलं हेलिकॉप्टर जमिनीबरोबर आधीच सेकंदाला ४४० मीटर वेगाने पूर्वेकडे चाललेलं असतं. चाकं जमिनीवरून उचलली म्हणून हा वेग जात नाही. तो घालवायला उलट दिशेने बल लावावं लागेल, आणि तसं बल कोणी लावलेलं नाही. नववीच्या पुस्तकातला न्यूटनचा पहिला नियम इथे जसाच्या तसा लागू होतो.

पडताळा घ्यायचा तर ताशी १०८ किलोमीटर वेगाने सरळ धावणाऱ्या एक्सप्रेसमध्ये चेंडू दीड फूट वर उडवा. वर जाऊन खाली यायला त्याला साधारण ०.६ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात गाडी १८ मीटर पुढे गेलेली असते. हात सुटताच चेंडूचा वेग संपत असता तर तो डब्याच्या मागच्या टोकाकडे आदळला असता. तो तुमच्या हातात पडतो.

यावर लगेच प्रश्न येतो, की डबा बंद असतो, आतली हवा गाडीबरोबर जाते; उघड्यावर तसं कुठे आहे? इथे बहुतेक जण ‘वातावरणही पृथ्वीबरोबर फिरतं’ असं सांगून मोकळे होतात. ते खरं आहे. तसं नसतं तर मुंबईत अहोरात्र ताशी १,५८० किलोमीटरचा पूर्वेचा वारा सुटला असता. पण हवा हे मूळ कारण नव्हे, कारण हवा नसली तरी उत्तर तेच येतं. चंद्रावर हवा जवळजवळ नाहीच, आणि चंद्रही स्वतःभोवती फिरतो. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी तिथे हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडलं. दोन्ही खाली पडायला सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागला, तेवढ्यात तिथली जमीन पाचेक मीटर सरकली होती. तरी दोन्ही वस्तू सरळ त्यांच्या पायांशी पडल्या. आहे तो वेग टिकवून ठेवण्याचा वस्तूचा गुण, म्हणजे जडत्व, पुरेसं आहे.

ही शंका घेणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने नावेतल्या माणसाचा दाखला देऊन सांगितलं, की नाव पुढे जाताना काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. पुढच्या शतकात वराहमिहिराने हरकत घेतली: पृथ्वी फिरत असती तर आकाशात गेलेले पक्षी घरट्यांत परतू शकले नसते. हेलिकॉप्टरचा मेसेज म्हणजे हीच हरकत. ती रास्त होती, कारण जडत्वाची कल्पना तेव्हा कोणाकडेच नव्हती. १६४० मध्ये फ्रेंच विद्वान गासेंदीने फ्रान्सच्या मार्सेल बंदरात चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड सोडून पाहिले, आणि ते डोलकाठीच्या बुडाशीच पडले. त्यानंतर मात्र ही हरकत उरायला नको होती.

विमानाचा मुद्दा तर मेसेजवरच उलटतो. त्या तर्काने पश्चिमेकडचा प्रवास झटपट व्हायला हवा. प्रत्यक्षात मुंबईहून लंडनला जायला परतीपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. पृथ्वी खालून फिरू द्यायची असेल, तर पश्चिमेकडे तेवढ्याच वेगाने उडत राहावं लागतं. आवाजाहून वेगाने उडणाऱ्या काँकॉर्ड या प्रवासी विमानाला ते जमायचं. लंडनच्या अक्षांशावर जमिनीचा वेग ताशी सुमारे १,०४० किलोमीटर, आणि काँकॉर्डचा दोन हजारांवर; सूर्यास्तानंतर लंडनहून निघालेल्या प्रवाशांना पश्चिमेला सूर्य पुन्हा वर येताना दिसायचा. त्यासाठी चार जेट इंजिनं सतत चालवावी लागत.

भिरकावलं जाण्याबद्दल थोडक्यात: शरीराला वेग जाणवत नाही, त्वरण, म्हणजे वेगातला किंवा दिशेतला बदल, जाणवतं. पृथ्वी घड्याळाच्या तासकाट्याच्या निम्म्या गतीने फिरते, त्यामुळे विषुववृत्तावरही हे त्वरण ०.०३४ मीटर प्रति सेकंद वर्ग भरतं, गुरुत्वत्वरणाच्या जेमतेम ०.३ टक्के. वजन तेवढंच कमी भरतं.

इस्रो तर या वेगाचा रोजच्या व्यवहारासारखा वापर करते. भूस्थिर उपग्रह नेणारी रॉकेटं श्रीहरिकोट्याहून पूर्वेकडे सोडतात, कारण तिथल्या जमिनीचा सेकंदाला सुमारे ४५० मीटरचा वेग रॉकेटला आयता मिळतो. जमीन सोडताच तो वेग संपत असता, तर त्या हिशेबाने आखलेला एकही उपग्रह कक्षेत पोचला नसता.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. फिरती पृथ्वी ही सरळ, एकसमान वेगाने धावणाऱ्या गाडीसारखी नाही, ती गोल फिरते, त्यामुळे परिवलनाची (स्वतःभोवती फिरण्याची) खूण अजिबात सापडत नाही असं म्हणणंही चूक. मेसेज ती किलोमीटरांत शोधतो. ती मिलिमीटरांत असते. खाणीच्या तोंडाची जमीन तळापेक्षा पृथ्वीच्या अक्षापासून किंचित लांब, म्हणून पूर्वेकडे किंचित जास्त वेगाने जाते. १८३१ मध्ये राइख या जर्मन शास्त्रज्ञाने जर्मनीत फ्रायबर्गच्या खाणीत वरून १५८ मीटर खाली छोटे गोळे सोडले, आणि ते सरासरी २८ मिलिमीटर पूर्वेला पडले. पृथ्वी स्थिर असती तर हा फरक शून्य आला असता. १८५१ मध्ये फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसच्या पाँतेआँ या इमारतीत ६७ मीटर तारेला २८ किलोंचा गोळा टांगला, आणि त्याच्या झोक्याची दिशा जमिनीच्या तुलनेत वळताना दाखवून परिवलन सगळ्यांना दाखवलं. तसा लंबक पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेतही आहे. पुण्याच्या अक्षांशावर त्याच्या झोक्याची दिशा तासाला सुमारे ४.८ अंश वळते, आणि पूर्ण फेरीला ७५ तास लागतात. मेसेज पाठवणाऱ्याने त्या लंबकाखाली खडूने रेघ मारावी, तासाभराने परत यावं आणि स्थिर पृथ्वी धरून तो कोन समजावून सांगावा.