पुळणीवरची थार आणि सिस्सूचा बर्फ

बर्फावर फोर बाय फोर गाडीही सपशेल घसरते, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर दापोलीच्या एका वाचकांची खरमरीत प्रतिक्रिया आली आहे. थोडक्यात सांगायचं तर: ‘कोकणात बसून बर्फाच्या गप्पा कशाला? आम्ही मुरुडच्या पुळणीवर हँडब्रेक ओढून थार गरागरा फिरवतो. बर्फ काय नि वाळू काय, दोन्ही भुसभुशीतच. चारी चाकं ओढत असताना गाडी घसरली तर तो ड्रायव्हरच कच्चा. जानेवारीत आम्ही चौघं मनालीला जातोय, आल्यावर बोलू.’

कोकणात बसून का, याचं उत्तर तुमच्याच शेवटच्या वाक्यात आहे. २०२० साली अटल बोगदा सुरू झाला आणि मनालीहून ऐन थंडीत पलीकडच्या लाहौलमध्ये, सिस्सू गावाला, उतरणं सोपं झालं. रत्नागिरीच्या, एमएच ०८ च्या गाड्याही आता तिकडे जातात.

आता वाळूचं. पुळणीवरचा तुमचा हात माझ्यापेक्षा तयार असेल, वाद नाही. पण वाळू गाडीला अडवते. ॲक्सिलरेटर सोडला की कोरड्या वाळूत गाडी चार हातांवर आपोआप थांबते. म्हणून तर तुम्ही टायरची हवा पंधरा-अठरा पीएसआयवर आणता आणि इंजिनाचा जोर टिकवून धरता. बर्फ अडवत नाही, सोडून देतो. तिथे पाय काढला तरी गाडी जातच राहते. ताशी ४० किलोमीटरला ब्रेक दाबलात, तर कोरड्या डांबरावर गाडी साधारण ९-१० मीटरमध्ये थांबेल, चोपलेल्या बर्फावर तिला ३० मीटर लागतील आणि निव्वळ गोठलेल्या पाण्यावर ६० च्या पुढे. यात ब्रेकवर पाय जाईपर्यंतचं अंतर धरलेलंच नाही. आणि हे आकडे टू व्हील ड्राइव्हचे आहेत की फोरचे, असं विचारू नका. ब्रेक दोघींनाही चारच चाकांना असतात.

टायरची पकड म्हणजे एका हंड्यातलं पाणी आहे. पळणं, थांबणं, वळणं, सगळ्याला त्यातूनच घ्यायचं. फोर व्हील ड्राइव्हमुळे पळण्याचा वाटा चारी चाकांत विभागला जातो, म्हणून चढावर गाडी झकास निघते. हंडा काही मोठा होत नाही. उलट गाडी इतकी सहज वेग घेते, की खालचा रस्ता किती निसरडा आहे हे पहिल्या वळणावरच कळतं.

हँडब्रेकचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुळणीवर, ओहोटीच्या वेळी पाण्यालगतच्या घट्ट वाळूवर, तुम्ही बहुधा टू-एचमध्ये, म्हणजे दोनच चाकांना जोर देणाऱ्या गिअरमध्ये असता. तिथे थार मागच्या चाकांवर चालते, हँडब्रेकही मागच्याच चाकांना लागतो, मागची बाजू सुटते आणि गाडी फिरते. सिस्सूला तुम्ही फोर-एच, म्हणजे चारी चाकांना जोर, लावणार. त्यात पुढचा आणि मागचा ॲक्सल ट्रान्सफर केसमधून (इंजिनाचा जोर पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीतून) एकमेकांना जखडलेले असतात. आता हँडब्रेक ओढलात तर मागची चाकं पुढच्यांनाही अडवतात, आणि पुढची चाकं अडली की स्टिअरिंग नावापुरतं उरतं. गाडी नाकासमोर सरळ जाते, वळण असो वा दरी.

पायाचंही तसंच. मागची बाजू सुटलेली असताना टू-एचमध्ये ॲक्सिलरेटर वाढवला की ती आणखी बाहेर जाते. फोर-एचमध्ये पुढची चाकं जिकडे वळवलेली असतील तिकडे गाडीला खेचू पाहतात, त्यामुळे बेताने दिलेला ॲक्सिलरेटर तिला सरळ करतो. वळणात शिरतानाच जास्त दिला, तर मात्र नाक बाहेर पळतं. म्हणून बर्फावर ड्रिफ्ट करणारे, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी सरकवणारे, आधी ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडतात. वजन पुढे येतं, मागचं अंग हलकं होऊन सरकतं, मग उलट स्टिअरिंग आणि थोडा थोडा जोर. स्कँडिनेव्हियाचे रॅली ड्रायव्हर तर वळणाआधी गाडी क्षणभर उलट्या दिशेला झुकवून हा झोका आणखी वाढवतात. त्यांच्याकडे खिळ्यांचे टायर असतात. स्वीडनच्या आर्येप्लोगला मोटार कंपन्या गोठलेल्या तळ्यांवर चाचण्या घेतात, तिथे चुकलं तरी आदळायला काही नसतं. लाहौलच्या रस्त्याला एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला चंद्रा नदी.

जाता जाता: वाळूत गाडी आडवी सरकली की टायरच्या कडेला वाळूचा ढीग साचतो आणि थारसारखी उंच गाडी त्याला अडखळून उलटू शकते. शिवाय थंडीत आंजर्ल्या-वेळासच्या किनाऱ्यांवर कासवांची अंडी असतात. तो खेळ तिथेही नकोच.

जानेवारीचा बेत रद्द करू नका. आपल्याकडच्या टायरचं रबर सात अंशांखाली कडक होत जातं, तेव्हा साखळ्या हव्यातच. त्या मनालीत भाड्याने मिळतात, पण बोटं गारठलेली असताना पहिल्यांदा बसवायला घेऊ नका. कुणाकडून मागून आणून अंगणातच दोनदा बसवून पाहा. दुपारी वितळलेलं पाणी सूर्य कलला की रस्त्यावर पुन्हा गोठतं, आणि काळ्या डांबरावर ते दिसतही नाही. सिस्सूहून तीनच्या आत निघा.