तुटलेला तारा कुणाला लागला?

ट्रान्सफॉर्मर उडाला आणि आख्खा बाजार काळोखात गेला. एसटी स्टँडमागच्या कट्ट्यावर आम्ही चौघे होतो. पत्रिका बघणारे गुरुजी, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले सर, आमचा वायरमन (त्याची त्या दिवशी सुट्टी, म्हणून स्वारी खुशीत) आणि मी. लाईट नसली की माणूस आपसूक वर बघतो. तेवढ्यात एक तारा तुटला.

"मागा काहीतरी," गुरुजी म्हणाले.

"मागताय काय? कुणाच्या तरी पाठीत बसला तो," सर म्हणाले.

झालं. एवढ्यावरून दीड तास.

सरांचं म्हणणं असं, की कुराणात जिन्नांच्या नावाची एक आख्खी सूरह म्हणजे अध्याय आहे, बहात्तरावा, अठ्ठावीस आयतींचा, म्हणजे वचनांचा. त्यात जिन्न स्वतःच सांगतात, की आम्ही आभाळात कान देऊन बसायचो, आमच्या बसायच्या जागा ठरलेल्या होत्या. आता कुणी ऐकायला गेला तर आगीचा लोळ टपलेला असतो, तोच हा तुटता तारा. ऐकायचं काय? तर वर ठरलेली गोष्ट फरिश्ते आपसांत बोलतात, ती. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, पुढचं आहे. जिन्न एखादा शब्द पळवतो, खालच्या भविष्यवाल्याच्या कानात टाकतो आणि तो त्यात शंभर खोट्या गोष्टी मिसळून लोकांना सांगतो.

"म्हणजे आकडा टाकून लाईन चोरायची," वायरमन म्हणाला. "आणि वर बिल शंभरपट."

गुरुजींना हे लागलं. "अरे, आमचं गणित आहे. कान लावणं नाही. आणि तुमच्यातले खलिफा ज्योतिषाला विचारल्याशिवाय वीट ठेवत नव्हते, सर."

हे गुरुजींना कसं माहीत याचं मला नवल वाटलं, पण गोष्ट खरी होती. 762 साली खलिफा मन्सूरने बगदाद वसवलं, तेव्हा मुहूर्त काढायला नौबख्त हा इराणी आणि माशाल्लाह हा बसऱ्याचा ज्यू असे दोघे बसले होते. शहराची कुंडली अल-बिरूनी या नंतरच्या विद्वानाने नोंदवून ठेवली आहे. लग्न धनू, लग्नात गुरू.

"धनूचा गुरू! स्वराशीचा, तोही लग्नी! अजून काय पाहिजे?" गुरुजी मांडीवर थाप मारून म्हणाले.

"ऐका तर," सर म्हणाले. "नौबख्तने सांगितलं होतं म्हणतात, की या शहरात एकही खलिफा मरणार नाही. मन्सूर मेला मक्केच्या वाटेवर. हारून रशीद मेला तिकडे तूसला. लोक म्हणाले, बघा! मग 813 साली हारूनचा मुलगा अमीन बगदादमध्येच मारला गेला."

"मग?"

"मग काय! तो मूळच्या गोल शहरात कुठे मेला, तटाबाहेर मेला, असं म्हणायला लागले."

वायरमन कट्ट्यावरून पडायचा बाकी राहिला. गुरुजीसुद्धा हसले. ही पळवाट त्यांच्या ओळखीची असावी.

मला विचाराल तर सरांची बाजू इथे जरा लंगडी पडत होती. ग्रंथात मनाई, दरबारात मान, असं शतकानुशतकं चाललं होतं. सरांनी ते कबूल केलं, पण एक भेद लावून धरला. ताऱ्यांचं गणित निराळं आणि ताऱ्यांवरून निकाल देणं निराळं. गणित हवंच, नाहीतर नमाजाची वेळ आणि किब्ल्याची, म्हणजे मक्केची, दिशा कळायची कशी? दमास्कसच्या मोठ्या मशिदीत वेळ काढायला इब्न अल-शातिरसारखा खगोलज्ञ नेमलेला होता. निकालाचं मात्र नाव नको. पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहीम गेला त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. लोक म्हणाले, सूर्यसुद्धा रडला. तर पैगंबर म्हणाले, सूर्य-चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरणाने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही.

"हे मला पटलं," वायरमन म्हणाला. "स्वतःच्या पोराच्या दिवशी असं बोलायला छाती लागते."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग गुरुजींनी नवी पुडी सोडली. फरिश्ते इतके सरळ, तर मग जादूटोणा शिकवला कुणी? सर म्हणाले, बाबिल शहरात हारूत आणि मारूत हे दोन फरिश्ते होते. आम्ही तुमची परीक्षा आहोत, असं आधी बजावून ते शिकवायचे. कुराणात इतकंच आहे. लोकांनी त्याला शेपूट जोडलं: जोहरा नावाची सुंदर बाई, तिच्यावर दोघेही भाळले, तिने त्यांच्याकडून आभाळात चढायचा शब्द काढून घेतला, वर गेली आणि तिची चांदणी झाली. जोहरा म्हणजे शुक्र.

"शुक्र बाई?" गुरुजी ताठ बसले. "आमचा शुक्र पुरुष आहे. दैत्यांचा गुरू!"

"इब्न कसीरसारख्या भाष्यकारांनीही ही गोष्ट बाहेरून आलेली म्हणून बाजूला काढलीय. तुम्ही कशाला भांडताय?"

मी म्हटलं, जिन्न म्हणजे आपलं भूतच ना शेवटी? सरांनी कपाळाला हात लावला. भूत मेलेल्या माणसाचं. जिन्न मेलेला नसतो. तो आगीपासून झालेला, माणूस मातीपासून, फरिश्ता नूरपासून, म्हणजे प्रकाशापासून. जिन्नाला लग्न, पोरं, मरण सगळं असतं. त्यांच्यात मुसलमान असतात आणि नसतातही.

"आणि आपला खवीस?" वायरमनने विचारलं. त्याच्या आजीने त्याला खविसाच्या धाकावर वाढवलेलं. आमच्या कोकणात मुंजा, गिऱ्हा, हडळ यांच्या पंगतीत खवीस असतोच, आणि तो मुसलमान माणसाचं भूत समजला जातो.

"शब्द अरबी. खबीस, म्हणजे घाणेरडा, दुष्ट. संडासात पाऊल टाकताना आम्ही जी दुआ म्हणतो, त्यात हाच शब्द येतो."

"म्हणजे इतकी वर्षं मी संडासातल्याला घाबरत होतो?"

सरांना आता जोर चढला होता. पण शेवटचा पत्ता गुरुजींकडे निघाला, आणि तो त्यांनी नकळत टाकला. म्हणाले, तुमचा शब्द आमच्याकडे भुतातच काय तो आला. माझ्या वर्षफळात, म्हणजे वर्षाच्या कुंडलीत बघा, सगळं शुद्ध संस्कृत. मुंथा, इक्कबाल योग, इत्थशाल योग, सहम.

सर हळूच म्हणाले, "परत बोला."

गुरुजी परत बोलले.

"इक्बाल म्हणजे पुढे येणं, भाग्य. इत्तिसाल म्हणजे जोडलं जाणं."

"दोन ग्रह जवळ येऊन जुळत असले की इत्थशाल," गुरुजी पुटपुटले. "हे ताजिक नीलकंठी या ग्रंथातलं आहे, सर. शके 1509. नीलकंठ दैवज्ञ. घराणं मूळचं विदर्भातलं, काशीला गेलेलं."

"ताजिक म्हणजे कोण, गुरुजी?"

गुरुजी गप्प. ताजिक म्हणजे तिकडचे, अरब-इराणकडचे, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं, इतकंच.

वायरमनचा फोन वाजला. सुट्टी संपली, ट्रान्सफॉर्मरवर बोलावलं होतं. तो शिव्या देत गेला. गुरुजींनी पिशवीतून पंचांग काढलं, मोबाईलचा उजेड पाडला आणि मागच्या कोऱ्या पानावर सर सांगतील तसे अर्थ लिहायला लागले.

"सहम?"

"सहम म्हणजे वाटा. हिस्सा." सर थांबले. "आणि बाणसुद्धा."

गुरुजींनी दोन्ही लिहिलं आणि एकदा वर बघितलं.