किलोमीटर राहू द्या, आधी पाण्याचं विचारा

बडोद्यात जुनी गाडी बघायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती चाललीय?" आकडा पन्नास हजारांच्या आत असला की चेहरा खुलतो आणि लाखाच्या वर गेला की बायको मागून शर्ट ओढते. माझं मत बऱ्याच जणांना पटणार नाही, पण सांगून टाकतो. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर या शहरात लाख-सव्वा लाख चाललेली, पण बिलांची फाईल जागेवर असलेली गाडी ही तीस हजार चाललेल्या "एकदम नवीसारखी"पेक्षा मला कमी धोक्याची वाटते.

भाच्याला मकरपुऱ्यात नोकरी लागली आणि चार लाखांत गाडी बघायचं ठरलं, तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज परिषद भरते. मेव्हणे म्हणतात, "लाख झाले म्हणजे इंजिन संपलं." हे वाक्य ॲम्बेसेडर-पद्मिनीच्या काळातलं आहे. तेव्हा लाखाच्या आसपास इंजिन उतरवून बोअरिंग (झिजलेले सिलिंडर कातून घेणं) करावं लागायचं, त्यामुळे ती भीती खरी होती. आजचं साधं पेट्रोल किंवा डिझेल इंजिन वेळेवर ऑइल मिळालं तर दोन लाख सहज काढतं. २०१६ पर्यंत विकली गेलेली अडीच लिटर डिझेलची जुनी इनोव्हा टॅक्सीत तीन-तीन, चार-चार लाख चाललेली आपण सगळ्यांनी बघितली आहे, त्यातल्या काहींत बसून शिर्डीला जाऊनही आलो आहोत.

शिवाय किलोमीटर-किलोमीटरमध्ये फरक असतो. अहमदाबादला अपडाऊन करणाऱ्याची गाडी घ्या. एक्स्प्रेस-वे ९३ किलोमीटरचा, टोल भरला की टॉप गिअर, ना सिग्नल ना गायी. इंजिन एकसारख्या तापमानाला, क्लचला हात नाही (म्हणजे पाय नाही), ब्रेक क्वचित. उलट मांडवी ते रावपुरा रोज फर्स्ट-सेकंडमध्ये घासणारी, दोन किलोमीटर जाऊन बंद होणारी गाडी बघा. इंजिन नीट तापतच नाही, ऑइलमध्ये ओलावा राहतो, क्लच प्लेट झिजते, बॅटरी पूर्ण चार्ज होत नाही. मीटरवर मात्र आठ वर्षांत बत्तीस हजार, आणि मालक अभिमानाने सांगणार, "बहू ओछी चालेली छे," म्हणजे फारच कमी चाललीय.

आता पाण्याकडे येतो, कारण खरी गोष्ट तीच आहे.

२०२४ ची जन्माष्टमी कुणी विसरलं नसेल. विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या पुढे गेली, समा, हरणी, फतेहगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर सगळीकडे पाणी. मगरी सोसायट्यांत आल्या, त्यांचे व्हिडिओ देशभर फिरले. बेसमेंटमध्ये बुडालेल्या गाड्यांचे व्हिडिओ कमी फिरले, पण त्या गाड्या कुठे गेल्या हा प्रश्न मला मगरींपेक्षा जास्त सतावतो. २०१९ च्या जुलै अखेरीलाही एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता, म्हणजे ही काही पहिली खेप नाही.

विम्याचं गणित असं असतं: दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी ती 'टोटल लॉस' धरते, मालकाला पैसे देते आणि सांगाडा लिलावात विकला जातो. विकत घेणारा तो भंगारातच काढेल असं नाही. धुऊन, पुसून, सीटकव्हर बदलून ती गाडी पुन्हा रस्त्यावर येऊ शकते. आपल्याकडे आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) 'ही गाडी पुरात बुडाली होती' असा शिक्का मारायची पद्धत नाही. ज्यांनी क्लेमच केला नाही, गॅरेजमध्ये सुकवून चालू केली, त्यांचा तर कुठेच पत्ता लागत नाही.

आणि पाण्याचं दुखणं लगेच दिसत नाही. इंजिनात पाणी गेलं असेल आणि कुणी घाईत स्टार्टर मारला असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ते एकदाच होतं आणि कळतं तरी. वायरिंगचं तसं नाही. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढायला महिने लागतात. मग एक दिवस एअरबॅगचा दिवा लागतो, पुढच्या आठवड्यात पॉवर विंडो, मग पावसाळ्यात गाडी मधेच बंद. प्रत्येक वेळी वेगळा सेन्सर बदलला जातो आणि मूळ दुखणं हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, तसंच बसून राहतं.

भाच्याबरोबर हरणीकडे एक गाडी बघितली. पेट्रोल, २०२१ चं मॉडेल, मीटरवर अठ्ठावीस हजार, आत सुगंधी स्प्रेचा भपकारा. प्रतापनगरच्या आमच्या मिस्त्रींना, म्हणजे गॅरेजवाल्या मेकॅनिकना, बरोबर नेलं होतं. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि ओढत गेले, ओढत गेले, पार शेवटापर्यंत. वरचा पट्टा काळा स्वच्छ. शेवटची वीतभर पट्टी बाहेर आली तेव्हा तिच्यावर चहाच्या रंगाची आडवी रेघ, आणि रेघेखाली विणीत बारीक माती. नखाने खरवडली तर पडली. मग सीट पूर्ण मागे सरकवून त्यांनी मोबाईलचा टॉर्च खाली मारला: रूळाच्या स्क्रूंवर गंज. मालक म्हणाले, पावसात खिडकी उघडी राहिली होती. मिस्त्रींनी हात पुसले आणि बाहेर येऊन मला एवढंच म्हणाले, "साहेब, किलोमीटर पछी जोजो, पहेलां पाणी जोजो." (किलोमीटर नंतर बघा, आधी पाणी बघा.)

त्यांची तपासायची पद्धत तेव्हापासून मी पाठ केली आहे. सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढा. डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खळग्यात बघा, धुणारे तिथे आळस करतात. पुढच्या पायाखालचं कार्पेट कोपऱ्यातून उचलून खालच्या फोमचा वास घ्या. हेडलाइटच्या आत गाळाचा पट्टा आहे का बघा. आणि मालकाकडे विम्याच्या जुन्या पॉलिसी मागा, चालू वर्षाची एकटी नको. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्क्यांवर होता आणि २०२४ च्या पावसाळ्यानंतरच्या रिन्यूअलमध्ये शून्यावर आला, तर त्या वर्षी बहुधा क्लेम झाला आहे. कशाचा, ते विचारा आणि उत्तर देताना तोंडाकडे बघा.

मीटर मागे फिरवणं हा जुना धंदा आहेच. डिजिटल मीटर आल्यावर तो बंद होईल असं वाटलं होतं, पण आता लॅपटॉप जोडून काही मिनिटांत होतो. म्हणूनही मी आकड्यावर विसंबत नाही. सर्व्हिसच्या बिलांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात, ती ओळीने लावून बघा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. बावीस हजार चाललेल्या २०२१ च्या गाडीला २०२४ चे चार नवे टायर का लागले असतील? स्टिअरिंग गुळगुळीत, क्लच पेडलचं रबर एका कडेला झिजलेलं आणि मीटर तीस हजारांचं, तर मीटर खोटं बोलतंय.

आता सव्वा लाखवाल्या गाडीच्या खर्चाबद्दल, कारण ती फुकटात पळते असं माझं म्हणणं नाही. माझी डिझेल सेडान मी लाखाच्या पुढेच घेतली, अहमदाबादला अपडाऊन करणाऱ्याकडून, आणि आता ती दोन लाखांच्या पार आहे. इंजिनाने त्रास दिला नाही. त्याच्या भोवतालच्या सगळ्याने दिला. लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, शॉकअप, इंजिनचे माउंटिंग, क्लच, एसीची कूलिंग कॉइल, सगळं एकेक करून आलं. पण ही झीज आहे, रोग नाही. हे पार्ट बाजारात मिळतात, बसवणारा मिळतो, आणि एकदा बदलले की काही वर्षं बघावं लागत नाही. म्हणून भाच्याला सांगितलं, चार लाख हातात असतील तर साडेतीनची गाडी बघ, उरलेले पन्नास हजार पहिल्या वर्षात गाडी खाणार असं आधीच धरून चाल. घेतल्याबरोबर इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल सगळं बदलायचं, आधीच्या मालकाने कालच केलं म्हटलं तरी. टायमिंग बेल्टवालं इंजिन असेल आणि बेल्ट बदलल्याचं बिल नसेल, तर बदललेला नाही असंच समजायचं. तो चालत्या गाडीत तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात आणि पन्नास हजारांचं गणित तिथेच संपतं.

इंजिन बघायला जाल तेव्हा मालकाला आधी फोन करून सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. थंड इंजिनाचा पहिला धूर बरंच काही सांगतो. निळसर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जातंय. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडून बघा, भकाभक वाफ फेकत असेल तर त्याला गॅरेजवाले 'बॅक कॉम्प्रेशन मारतंय' म्हणतात. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घरी परत या.

जास्त चाललेल्यांतही काही मी घेणार नाही. ड्युअल क्लच ऑटोमॅटिक वॉरंटीबाहेर असेल तर नाही, गिअरबॉक्सचं एकच बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. फक्त शहरात फिरलेली बीएस-६ डिझेल नाही, तिच्या सायलेन्सरमधला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) जळून साफ व्हायला हायवेची धाव लागते आणि अलकापुरी-गोत्री फेऱ्यांत ती मिळत नाही. बाहेरून बसवलेली सीएनजी किट आरसीवर चढवलेली नसेल तर नाही. आपल्या गुजरातेत सीएनजी गाड्या ढिगाने मिळतात, पण टाकीची दर तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) कुणी केली आहे का, हे विचारलं की निम्मे विक्रेते दुसरा विषय काढतात. जुन्या पेट्रोल गाडीत आता पेट्रोलमध्ये मिसळलेल्या २० टक्के इथेनॉलचाही विचार करावा लागतो. काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग, गॅस्केट बदलावे लागू शकतात असं सरकारनेच सांगितलंय. खर्च मोठा नाही, पण पेट्रोलचे पाइप तपासून घ्या.

आणि हो, ज्यांना गाडी फ्रिजसारखी हवी, लावली की विसरली, त्यांनी माझं ऐकू नये. ओळखीचा मिस्त्री नाही, रविवारी दोन तास द्यायला वेळ नाही, घरात आजारी माणूस आहे आणि रात्री-अपरात्री गाडी निघालीच पाहिजे, अशांनी लहान का होईना नवी घ्यावी. त्यांच्या बाबतीत मेव्हणे बरोबर आहेत.

शेवटचं कागदांचं, थोडक्यात. दलाल मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतो आणि "ट्रान्स्फर थई जशे" म्हणून सांगतो. ते झालं की नाही, हे विकणाऱ्याने स्वतः बघायला हवं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. घेणाऱ्याने विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही हे हिशेबात धरावं. त्यासाठी दर्जीपुऱ्याच्या आरटीओत एक चक्कर पडली तरी पडू दे.

"दादा, कुठलं मॉडेल घेऊ?" असं कमेंटमध्ये विचारू नका, मला ते सांगता येत नाही. बघून आलेल्या गाडीची बिलं आणि जुन्या पॉलिसींचे फोटो नंबर झाकून टाकलेत, तर मिस्त्रींना विचारून रात्रीपर्यंत उत्तर देतो. गुरुवारी मात्र ते गॅरेज बंद ठेवतात.