अनटिल गुरुवार

परवा आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने त्याच्या साइटवरच्या अरब सुपरवायझरच्या मेलचा स्क्रीनशॉट टाकला. 'द पंप विच वी ऑर्डर्ड इट नॉट अरायव्ह येट.' खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग. तिथे मी काही बोलले नाही, म्हणून इथे बोलतेय. जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

अकरा वर्षं झाली, मी दुबईत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. कॉन्ट्रॅक्टर, कन्सल्टंट, सप्लायर सगळ्यांची पत्रं माझ्या टेबलावरून पुढे जातात. इजिप्त, जॉर्डन, सीरिया, सुदान, सगळीकडच्या साहेबांचं इंग्रजी रोज दुरुस्त करते. त्यातून एवढं कळलंय की ही माणसं वाटेल तशी चुकत नाहीत. चुका ठरलेल्या असतात, आणि त्यांच्या मागे शुद्ध अरबी असतं.

त्या पंपाचंच घ्या. 'जो पंप आम्ही मागवला' हे अरबीत म्हणताना 'मागवला'च्या शेपटीला पंपाचं सर्वनाम चिकटवतात. ते 'इट' तिथून आलं. पुढचं 'नॉट अरायव्ह येट' म्हणजे तर 'लम तसिल बअद', शब्दाला शब्द. लिखित अरबीत 'आला नाही' म्हणताना भूतकाळ त्या 'लम' या नकारातच असतो, क्रियापदाला तो लावायचा नसतो. म्हणजे त्या बिचाऱ्याने व्याकरण अगदी नीट पाळलं होतं. फक्त दुसऱ्या भाषेचं.

माझा आवडता प्रकार आकड्यांचा. आमचे एक इंजिनिअर एकाच मेलमध्ये 'फाइव्ह वर्कर्स' बरोबर लिहायचे आणि दोन ओळींनी 'फिफ्टीन वर्कर'. मला वाटायचं, घाईत 'एस' राहिला असेल. पण दर वेळी पंधरालाच कसा राहतो? शेवटी आमच्या इजिप्शियन अकाउंटंटने पिवळ्या चिठ्ठीवर काढून दाखवलं. अरबीत दोनसाठी वेगळंच रूप आहे, तीन ते दहापर्यंत अनेकवचन, आणि अकरापासून नव्व्याण्णवपर्यंत नाम पुन्हा एकवचनात! ती चिठ्ठी अजून माझ्या मॉनिटरला चिकटलेली आहे.

'द' ची तीच गत. 'द सेफ्टी इज व्हेरी इम्पॉर्टंट', 'द लाइफ इज डिफिकल्ट'. सुरक्षितता, आयुष्य असल्या शब्दांना अरबीत 'अल' लागतो, म्हणून ते इंग्रजीतही 'द' लावतात. मी मराठी बाई, मुळात 'द' च विसरते. त्यांचे जास्तीचे काढून माझ्या पत्रांत घातले की दोघांचा हिशेब चुकता.

आता २०१९चा किस्सा. तेव्हा इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची (शनिवार-रविवार २०२२पासून झाली), म्हणजे गुरुवारी आठवडा संपायचा. जॉर्डनच्या प्रोजेक्ट मॅनेजरनी मेल लिहिला, 'प्लीज सेंड द ड्रॉइंग्ज अनटिल थर्सडे'. मी वाचला, दोन स्पेलिंगं सुधारली, पाठवून दिला. कन्सल्टंटकडच्या ब्रिटिश इंजिनिअरचं उत्तर आलं, 'आणि गुरुवारनंतर पाठवणं बंद करायचं का?'

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दोघांनाही चूक दिसेना! त्यांचा 'हत्ता', माझा 'पर्यंत'. काम गुरुवारपर्यंत चालू ठेवायचं असो की गुरुवारपर्यंत संपवायचं असो, शब्द एकच. संपवायचं असेल तर इंग्रजीला 'बाय' लागतो, हे मला नोकरीच्या पाचव्या वर्षी एका टोमण्यातून कळलं. तेव्हापासून कुणाच्या इंग्रजीवर हसू आलं की आधी तो गुरुवार आठवतो.

सगळंच गोड मानून सोडून द्यावं, असं मी म्हणत नाही. 'वी इन्फॉर्म यू अबाउट द डिले' असं पत्रात आलं की मी फोन उचलते. कळवलंय, की आत्ता कळवताय? इथे बऱ्याच कामांना फिडिकचे, म्हणजे बांधकामासाठीच्या आंतरराष्ट्रीय ठरीव नमुन्याचे करार असतात. त्यातल्या १९९९च्या आवृत्तीत कॉन्ट्रॅक्टरला विलंब लक्षात आल्यापासून २८ दिवसांत क्लेमची नोटीस द्यावी लागते, नाहीतर हक्क जातो. तिथे एक काळ चुकला तर नंतर वकिलांची घरं भरतात. अशी चूक मी सुधारतेच, साहेब कितीही मोठे असोत. पण ती सुधारायला हसावं लागत नाही.

आणि हसणंसुद्धा पासपोर्ट बघून चालतं हो. आमच्याकडे एक फ्रेंच आर्किटेक्ट होता. 'आय ॲम हिअर सिन्स थ्री इयर्स' म्हणायचा आणि सगळ्यांना तो उच्चार काय छान वाटायचा! तेच वाक्य सुदानी फोरमन म्हणाला की स्क्रीनशॉट. आणि आपण? आपण तर सर्रास तेच म्हणतो, 'तीन वर्षांपासून'चं भाषांतर करून. शिवाय 'आय ॲम इन ऑफिस ओन्ली'. अकाउंटंटने एकदा मला गंभीरपणे विचारलं होतं, 'हे ओन्ली कशाला? अजून कुठे असायला पाहिजे होतं तुला?' त्याला आपला 'ऑफिसातच'मधला 'च' समजावताना माझी अर्धी जेवणाची सुट्टी गेली.

आपल्या अरबीबद्दल तर बोलूच नये. इतकी वर्षं राहून आपली गाडी 'माफी मालूम'वर, म्हणजे 'माहीत नाही'वर अडलेली. 'इन्ता' म्हणजे पुरुषाला म्हणायचं 'तू', पण आपलं बाईलाही 'इन्ता', पुरुषालाही 'इन्ता', आणि समोरची अरब बाई काही न बोलता फाइल पुढे करते.

त्याच अकाउंटंटने सिबवैहची गोष्ट सांगितली होती. आठव्या शतकातला हा इराणी माणूस, अरबी ही काही त्याची मातृभाषा नव्हे. बसऱ्यात शिकताना अरबीचं एक रूप चुकला, गुरूंनी सगळ्यांसमोर टोकलं, आणि तेव्हा तो हट्टाने व्याकरणाला लागला असं सांगतात. आज अरबी व्याकरणाचा पहिला मोठा ग्रंथ त्याचाच मानतात. अकाउंटंट हे सांगताना माझ्याच पत्रातले 'द' लाल पेनाने भरत होता, तो भाग सोडा.

ग्रुपवर तो स्क्रीनशॉट अजून फिरतोय. पंप आला का, ते मात्र कुणीच विचारलेलं नाही.